पारसनीस आणि बहुरूपी : विंडोजचे खेळ लिनक्सवर कसे चालतात

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही. मात्र मुदतवाढीची नोंदणी न केलेल्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबले. पुढची प्रणाली म्हणजे विंडोज ११. ती साधारण २०१७ च्या आधीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसवता येत नाही आणि तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्थाही लागते. म्हणजे चालत्या स्थितीतले असंख्य संगणक एका तारखेने ‘जुने’ ठरले.

सुपा हे पारनेर तालुक्यातले, पुणे–नगर महामार्गावरचे गाव. औद्योगिक वसाहतीमुळे अशा गावांत जुन्या संगणकांची एक वाट ठरून गेलेली असते. कचेरीने काढून टाकलेले यंत्र दुरुस्तीच्या दुकानात येते आणि तिथून एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी जाते. अशा यंत्रावर लिनक्स ही मुक्त प्रणाली उत्तम चालते. ती फुकट आहे, हलकी आहे आणि तिच्या दुरुस्त्या येत राहतात. पण घरातल्या मुलाला हे सांगितले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “त्यावर गेम चालतील का?”

मोठी माणसे हा प्रश्न हसण्यावारी नेतात. मला तो हसण्यासारखा वाटत नाही. मुलगा प्रत्यक्षात असे विचारत असतो की, माझ्याकडे असलेली वस्तू खालची जमीन बदलल्यावरही माझीच राहील का? हा प्रश्न खेळांपुरता नाही. साहित्यिक नियतकालिकांच्या वाचकांनाही तो लागू पडतो. तो कसा, ते शेवटी येईल. आधी खेळाचे पाहू. मी संगणकाचे औपचारिक शिक्षण घेतलेले नाही. जे समजले ते वाचून आणि करून पाहून समजले, आणि त्याच क्रमाने ते इथे मांडतो.

अडचण नेमकी कुठे?

विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सवर थेट चालत नाही, याचे कारण बहुतेकांना वाटते तिथे नसते. प्रोसेसर दोन्हीकडे एकच. बेरीज कर, ही संख्या त्या संख्येशी ताडून पाहा, अमुक ठिकाणी उडी मार, या सूचना प्रोसेसर विंडोजखालीही पाळतो आणि लिनक्सखालीही तशाच पाळतो. खेळाच्या आज्ञावलीचा फार मोठा भाग अशा सूचनांचाच असतो.

अडचण येते ती खेळ काही मागतो तेव्हा. पडद्यावर खिडकी उघडून दे, तबकडीवरची अमुक फाइल वाचून दे, हा आवाज वाजव, कळफलकावर कोणती कळ दाबली ते सांग. ही कामे खेळ स्वतः करत नाही, तो प्रणालीकडे अर्ज करतो. विंडोजमध्ये या अर्जांचे ठरलेले नमुने आहेत आणि ते स्वीकारणारी ठरलेली खाती आहेत. लिनक्समध्येही हीच कामे होतात, पण अर्जांचे नमुने वेगळे, खात्यांची नावे वेगळी. प्रोग्रामची फाइल बांधण्याची पद्धतसुद्धा वेगळी. थोडक्यात, अडचण ताकदीची नसून भाषेची आहे.

बहुरूपी आणि पारसनीस

ती सोडवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला बहुरूप्याचा. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे संपूर्ण सोंग घ्यायचे आणि प्रोसेसरसकट सगळे नकली उभे करायचे. याला एम्युलेटर म्हणतात. जुन्या व्हिडिओ गेमच्या पेट्यांचे खेळ आज संगणकावर चालतात ते असे. सोंग हुबेहूब वठते, पण प्रत्येक सूचनेचा अभिनय करावा लागत असल्याने ते महाग पडते.

दुसरा मार्ग पारसनिसाचा. मराठेशाहीच्या दफ्तरात पारसनीस हा अधिकारी फारसी पत्रव्यवहार पाहत असे. दिल्लीहून आलेला फारसी मजकूर त्याने मराठीत समजावायचा आणि उत्तर फारसीत लिहून धाडायचे. त्यासाठी दरबार दिल्लीला हलवावा लागत नव्हता की कोणाला मोगली पोशाख घालावा लागत नव्हता. भाषा जाणणारा एक माणूस दोघांच्या मध्ये बसला की काम होत असे.

‘वाइन’ नावाचे सॉफ्टवेअर हा असा पारसनीस आहे. नावावरून गैरसमज नको. ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ या वाक्याच्या आद्याक्षरांतून ते नाव घेतले गेले. म्हणजे ‘मी बहुरूपी नाही’ हे नावातच सांगितले आहे. खेळ विंडोजच्या पद्धतीने फाइल मागतो, वाइन ती मागणी लिनक्सच्या भाषेत पुढे पाठवते आणि उत्तर परत विंडोजच्या नमुन्यात बसवून खेळाच्या हाती देते. आपण परक्या घरात आहोत, हे खेळाच्या गावीही नसते.

हे काम किती बारीक आहे, त्याचे एक उदाहरण. विंडोज फाइलींच्या नावांत इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे सहसा एकच मानते. लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटतात. खेळ लिहिणाऱ्याने एके ठिकाणी नाव मोठ्या अक्षरांत आणि दुसरीकडे लहान अक्षरांत लिहिले असेल, तर विंडोजवर काहीच बिघडत नाही. लिनक्सवर मात्र फाइल सापडणार नाही. म्हणून वाइनला अशा वेळी सगळा कप्पा धुंडाळून जुळणारे नाव शोधावे लागते. अशा हजारो लहानसहान रीतिभाती सांभाळल्या, तेव्हा कुठे एक खेळ सुरू होतो.

चुकांसकट अनुवाद

वाइनचे काम १९९३ मध्ये बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी सुरू केले. तेव्हा डोळ्यांसमोर विंडोज ३.१ होते. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार हे या प्रकल्पाची धुरा सांभाळत आहेत. १.० ही आवृत्ती निघाली जून २००८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी.

इतका काळ का लागला? विंडोजची मूळ आज्ञावली मायक्रोसॉफ्टची मालमत्ता आहे. ती पाहून नक्कल करणे हा कायदेभंग ठरेल. म्हणून वाइनची मंडळी कटाक्षाने ती पाहत नाहीत, आणि ज्याने ती पाहिली असेल त्याचे योगदान स्वीकारत नाहीत. त्यांची रीत वेगळी आहे. एक छोटा चाचणी-प्रोग्राम लिहायचा, तो खऱ्या विंडोजवर चालवायचा, अमुक प्रश्नाला विंडोज काय उत्तर देते ते टिपायचे आणि वाइन तेच उत्तर देईपर्यंत काम करायचे. शब्दकोश आणि व्याकरण हाती नसताना, केवळ बोलणाऱ्याला प्रश्न विचारून एखादी बोली लिहून काढावी, तसे हे आहे.

त्यात आणखी एक मेख आहे. विंडोज जिथे चुकते तिथे वाइननेही तसेच चुकावे लागते, कारण त्या चुकीवर विसंबून लिहिलेले प्रोग्राम असतात. हे ओझे खुद्द मायक्रोसॉफ्टनेही वाहिले आहे. ‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा लोकप्रिय खेळ स्मृतीचा एखादा भाग परत केल्यानंतरही तो वाचत असे. जुन्या विंडोजमध्ये ते खपून गेले. विंडोज ९५ मध्ये खेळ कोसळू लागला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने ‘सिमसिटी’ चालू असताना स्मृती वेगळ्या रीतीने हाताळण्याची सोय प्रणालीतच केली. ग्राहक नव्या विंडोजला दोष देईल, खेळाला नव्हे, हे त्यांना ठाऊक होते.

या चिकाटीचे एक अनपेक्षित फळ आहे. विंडोज ३.१ च्या काळातले प्रोग्राम १६-बिटचे होते. ६४-बिटच्या विंडोजवर ते चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच मिळते. वाइनने मात्र ती जुनी वाट बुजवलेली नाही. त्यामुळे नव्वदच्या दशकातला एखादा विंडोज-खेळ आजच्या विंडोजवर उघडत नाही आणि लिनक्सवर उघडतो, असे घडू शकते.

चित्रांची भाषा

खिडक्या आणि फाइली सांभाळल्या तरी आधुनिक खेळ चालत नाही, कारण त्याचा जीव चित्रांत असतो. विंडोजवरचे बहुतेक खेळ चित्रफलकाशी ‘डायरेक्टथ्रीडी’ या भाषेत बोलतात. वाइन पूर्वी तिचे रूपांतर ‘ओपनजीएल’ या जुन्या खुल्या भाषेत करी. दोन्हींची घडण फार वेगळी असल्याने नवे खेळ रखडत चालत.

फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘व्हल्कन’ ही नवी खुली चित्रभाषा आली. ती चित्रफलकाच्या अधिक जवळची. तिच्या आधारावर फिलिप रेबोले या जर्मन प्रोग्रामरने ‘डीएक्सव्हीके’ हा अनुवादक लिहिला. ‘निअर : ऑटोमाटा’ हा आपल्या आवडीचा खेळ लिनक्सवर चालावा, ही त्यामागची इच्छा. एका खेळाडूच्या हट्टातून निघालेल्या या कामाने हजारो खेळांची वाट मोकळी केली.

तरी मर्यादा आहे. डीएक्सव्हीकेच्या २०२२ च्या अखेरीपासूनच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते, आणि कचेरीतून निघालेल्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या संगणकांतली अंगभूत चित्रसोय पुष्कळदा तिथवर पोचत नाही. तिथे वाइनचा जुना ओपनजीएलचा मार्गच कामी येतो. म्हणून अशा यंत्रावर २००३ चा ‘व्हाइस सिटी’ किंवा २००६ चा ‘क्रिकेट ०७’ यांची आशा धरावी. कालपरवाचा अवजड खेळ विंडोजवरही तिथे चालला नसता.

दुकानदाराचा स्वार्थ

वाइन अनेक वर्षे स्वयंसेवकांनी आणि ‘कोडवीव्हर्स’ या लहानशा अमेरिकी कंपनीने वाढवले. खरा जोर आला तो ‘व्हॉल्व्ह’मुळे. ही कंपनी ‘स्टीम’ हे खेळांचे प्रचंड दुकान चालवते. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान प्रणालीतच आणले, तेव्हा व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी उघड चिंता व्यक्त केली. जागेचा मालक स्वतःच दुकान थाटू लागला, तर भाडेकरूने दुसरी जागा पाहून ठेवावी, असा तो हिशोब.

पहिला प्रयत्न फसला. २०१५ मध्ये लिनक्सवर चालणाऱ्या ‘स्टीम मशिन’ नावाच्या पेट्या बाजारात आल्या, पण त्यांच्यासाठी खेळच पुरेसे नव्हते. खेळ लिहिणाऱ्यांनी लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी, अशी त्यात अपेक्षा होती. एवढ्या थोड्या ग्राहकांसाठी ते कष्ट कोण घेणार?

मग दिशा उलटली. २१ ऑगस्ट २०१८ रोजी व्हॉल्व्हने ‘प्रोटॉन’ जाहीर केले : वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर तुकडे एकत्र बांधून स्टीमच्या आतच बसवलेले. पहिल्या दिवशी हमी दिलेले खेळ होते २७. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हाती धरून खेळायचे यंत्र आले. त्यात लिनक्स आहे, आणि त्यावर खेळले जाणारे बहुतेक खेळ विंडोजचे आहेत.

लहान निर्मात्यांना याचा काय उपयोग, ते पुण्याच्या उदाहरणावरून पाहता येईल. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणातला खेळ तयार केला. लोकवर्गणीचा त्यांचा २०१७ चा प्रयत्न अपुरा पडला, तरी २०२० मध्ये खेळ बाहेर आला. इतक्या ओढाताणीत काम करणाऱ्यांनी आणखी एका प्रणालीसाठी वेगळी आवृत्ती काढून ती वर्षानुवर्षे सांभाळावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. मधला अनुवादक चांगला असेल तर ते ओझे त्यांच्यावर पडत नाही.

व्हॉल्व्हचे हे काम दानधर्म नव्हे. पण त्यातून झालेल्या सुधारणा बऱ्याचशा मूळ वाइनमध्ये परत येतात. वाइनचा परवाना २००२ पासून असा आहे की, त्यात बदल करून ते वाटणाऱ्याने ते बदलही खुले ठेवावेत. कंपनीच्या स्वार्थातून झालेले काम त्यामुळे सार्वजनिक विहिरीत साठत गेले.

कायदा काय म्हणतो?

अशी भाषा शिकून घेणे चोरी आहे का? आपल्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१) मध्ये ‘एबी’ हा पोटखंड १९९९ च्या दुरुस्तीने आला. स्वतंत्रपणे तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून चालवण्यासाठी आवश्यक माहिती मिळवणे हा हक्कभंग नाही, असे तो सांगतो. अटी दोन : मूळ प्रोग्राम तुमच्याकडे कायदेशीरपणे असावा, आणि ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. पहिली अट खेळाडूंनी ध्यानात ठेवावी. पारसनीस चोरीच्या प्रतीलाही इमानाने वाचून दाखवतो, पण त्यामुळे ती प्रत तुमची होत नाही.

जिथे पारसनिसाला प्रवेश नाही

सगळे खेळ चालतात असे मात्र नाही. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘फोर्टनाइट’ लिनक्सवर चालत नाहीत. अनेकांनी मिळून खेळायच्या अशा स्पर्धांत लबाडी पकडण्यासाठी पहारेकरी-सॉफ्टवेअर असते, आणि त्यांतले काही प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ठाण मांडून बसते. वाइन गाभ्याच्या बाहेर राहून भाषांतर करते. विंडोजच्या गाभ्यासाठी लिहिलेल्या पहारेकऱ्याला ते लिनक्सच्या गाभ्यात बसवू शकत नाही.

इथे प्रश्न केवळ तंत्राचा उरत नाही. २०२१ मध्ये दोन प्रमुख पहारेकरी कंपन्यांनी प्रोटॉनसाठी सोय उपलब्ध करून दिली. ती वापरायची की नाही, हे प्रत्येक खेळाचा मालक ठरवतो. ‘एपेक्स लेजंड्स’ हा खेळ लिनक्सवर चालत होता. लबाडी वाढल्याचे कारण देऊन ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी मालकांनी ते दार बंद केले. प्रामाणिक खेळाडूचा खेळ एका रात्रीत गेला, आणि त्यावर कोणताही अनुवादक काही करू शकला नाही.

करून पाहायचे तर

स्टीमवरून घेतलेला खेळ असेल, तर लिनक्सवर स्टीम बसवावे, सेटिंगमध्ये कंपॅटिबिलिटी या सदरात जाऊन प्रोटॉन निवडावे आणि खेळ उतरवून घ्यावा. सीडीवरचे किंवा इतर दुकानांतले खेळ ‘लुट्रिस’, ‘हिरोइक’ किंवा ‘बॉटल्स’ या मोफत साधनांतून मांडता येतात. प्रत्येक खेळाला स्वतंत्र नकली ‘सी ड्राइव्ह’ मिळते. ती लिनक्सवर साधा एक फोल्डर असते. एका खेळात बिघाड झाला तर तेवढा फोल्डर पुसायचा, बाकीचे सुरक्षित राहतात. मात्र खेळातली प्रगती पुष्कळदा त्याच फोल्डरमध्ये साठवलेली असते. पुसण्याआधी तिची प्रत काढावी. तसेच विंडोज काढून टाकण्यापूर्वी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे आणि आपला खेळ इतरांकडे चालतो का, याच्या ‘प्रोटॉनडीबी’वरच्या नोंदी वाचाव्यात.

आपल्या अंकांचे काय?

आता साहित्यिक वाचकाचा संबंध. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे आपले असंख्य दिवाळी अंक आणि पुस्तके विंडोजवर, पेजमेकरमध्ये आणि युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये जुळवली गेली. त्या फाइलींत मराठी अक्षरे मराठी म्हणून साठवलेली नाहीत. ती रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली आहेत, आणि ठरावीक फॉन्ट व ठरावीक सॉफ्टवेअर असेल तरच ती वाचता येतात. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मधली. पाचवी तर १६-बिटची, म्हणजे आजचे विंडोज जिला ओळखत नाही त्या पिढीतली.

अशा फाइली उघडण्याचा एक मार्ग म्हणजे वाइन. खेळांसाठी सांभाळलेली जुनी वाट इथे साहित्याच्या कामी येऊ शकते. आणि अडथळाही तोच. काही मराठी सॉफ्टवेअरसोबत संगणकाच्या मागे लावायचे कुलूप, डोंगल, येत असे. ते गाभ्यातल्या ड्रायव्हरवर चालते, आणि तिथे ‘व्हॅलोरंट’च्या खेळाडूप्रमाणे संपादकालाही दार बंद मिळते.

म्हणून ज्यांच्याकडे जुन्या अंकांच्या सीडी आहेत, त्यांनी तीन गोष्टी आताच कराव्यात. फाइलींसोबत त्यांचे फॉन्टही जपावेत. ज्या संगणकावर त्या आज उघडतात, तो निकाली काढण्याआधी प्रत्येक पानाची पीडीएफ करावी. आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवून एकदा मुद्रितशोधकाच्या नजरेखालून घालावा.

ज्या वस्तूची भाषा एकाच मालकाला येते, ती वस्तू त्या मालकाच्या मर्जीइतकीच टिकते. विंडोजचे खेळ तगले, कारण काही माणसांनी तीस वर्षे मालकाला न विचारता, कायदा न मोडता ती भाषा शिकून सर्वांसाठी खुली ठेवली. मराठी अंकांच्या जुन्या फाइलींसाठी असे शिकून ठेवणारे लोक अजून थोडे आहेत. संगणकावर खेळ चालतील का, असे विचारणाऱ्या मुलाला लिनक्स बसवून द्यावे, वाइन शिकू द्यावे आणि पुढच्या सुट्टीत घरातल्या जुन्या अंकाची सीडीही त्याच्याच हाती द्यावी.